‘उन्हाळी’ या शब्दाआड

लघवीला जळजळ होऊ लागली की ‘उन्हाळी लागली’ असे म्हणण्याचा आपल्या हिंगोली जिल्ह्यातील घराघरांत प्रघात आहे, आणि त्या एका शब्दातच व्याधीचे निदान व उपचार ही दोन्ही कामे उरकलेली असतात: ऊन बाधले, अंगातील उष्णता वाढली, सबब धने-जिऱ्याचे पाणी प्यावे, सब्जा घ्यावा, दोन दिवसांत उतार पडेल. पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेल्या या शब्दाविषयी मला अनादर नाही. चैत्र-वैशाखात अंगातील पाणी आटून लघवी कमी आणि गडद होते, हा अनुभव खराच आहे. परंतु उन्हाळी लागलेली बाई गरोदर असली, तर हाच शब्द तिच्या आणि वेळेवर मिळावयाच्या औषधाच्या मध्ये भिंतीसारखा उभा राहतो.

गर्भधारणेनंतर प्रोजेस्टेरॉन या अंतःस्रावाचे प्रमाण वाढते, त्यामुळे मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत उतरणाऱ्या दोन्ही नलिकांचे स्नायू सैल पडतात, पुढे वाढत्या गर्भाशयाचा भार त्यांच्यावर, विशेषेकरून उजवीवर, पडू लागतो. आणि जे वाहते असावयाचे ते, पाऊस सरल्यावर कयाधू नदीच्या पात्रात डबकी मागे राहावीत तसे, जागोजाग साचून राहते. त्या साचलेल्या मूत्रात आतड्यातून आलेला ई. कोलाय नावाचा जंतू सुखाने वाढतो. उष्णतेचा येथे मूळ संबंध नाही. हा जंतू वर मूत्रपिंडापर्यंत पोहोचला की हुडहुडी भरून ताप येतो, बरगडीखाली पाठीत कळा येतात, उलट्या होतात. क्वचित रक्तात विष पसरून मातेच्या जिवावर बेतते, तर कधी दिवस भरण्यापूर्वीच प्रसूतीच्या कळा सुरू होतात. अशा बाईला त्याच दिवशी रुग्णालयात नेले पाहिजे. त्या वेळी घरगुती काढ्यात गेलेला एक दिवसही परवडणारा नसतो.

याहून बिकट गोष्ट अशी की शंभर गरोदर स्त्रियांपैकी दोन ते दहा जणींच्या लघवीत हे जंतू असतात आणि तरीही त्यांना जळजळ होत नाही, ताप येत नाही, तक्रार करावी असे काहीच जाणवत नाही. ज्या दुखण्याला लक्षणच नाही त्याला लोकभाषेत शब्द तरी कोठून असणार? बॉस्टनचे डॉक्टर एडवर्ड कास यांनी १९५० नंतरच्या दशकात लघवीच्या एका मिलिलिटरमागे एक लाख जंतू ही मर्यादा ठरवून या मूक संसर्गाची मोजदाद करण्याचा मार्ग घालून दिला, आणि गर्भवतीच्या लघवीतील हे जंतू वेळीच औषधाने घालवले तर मूत्रपिंडाचा पुढचा आजार टळतो हे दाखविले. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६ च्या आपल्या शिफारशींत गरोदरपणी लघवीचे कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, करावी असे म्हटले आहे आणि जंतू आढळल्यास सात दिवसांचे औषध सांगितले आहे.

आता आपल्याकडे काय घडते ते पाहावे. दर महिन्याच्या ९ तारखेला, २०१६ पासून चालू असलेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात, गरोदर बायांची तपासणी होते. वजन होते, रक्तदाब पाहिला जातो, लघवीही तपासली जाते. परंतु ही तपासणी प्रथिने आणि साखर यांची असते. ती अत्यंत आवश्यक आहे, कारण वाढत्या रक्तदाबाचा धोका प्रथिनांवरून कळतो. तथापि त्या पट्टीवरील हे दोन रंग जंतूंविषयी काहीही सांगत नाहीत. दप्तरात ‘लघवी तपासली’ अशी नोंद पडते, बाई निर्धास्त होऊन घरी जाते, आणि जे शोधलेच नाही ते नाही असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. माझी मुख्य तक्रार आहे ती या गृहीताबद्दल.

यावर एक आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. जुन्या अभ्यासांत लक्षणांविना जंतू असलेल्या आणि उपचाराविना राहिलेल्या गर्भवतींपैकी पाचवा ते तिसरा हिस्सा पुढे मूत्रपिंडाच्या संसर्गाने आजारी पडत असे. उलट नेदरलँड्समध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे प्रमाण शेकडा अडीचच्याही आत निघाले आणि अकाली प्रसूतीशी संबंध दिसला नाही, तेव्हा सरसकट तपासणी कशासाठी, असे कोणी विचारील. परंतु त्या स्त्रिया एरवी निरोगी, कमी जोखमीच्या होत्या, आणि ताप चढताच वैद्य गाठता येईल अशा देशात राहत होत्या. सेनगाव किंवा औंढा तालुक्यातील एखाद्या वाडीवर, अंगात रक्त कमी असलेल्या आणि रात्री वाहन मिळण्याची शाश्वती नसलेल्या गर्भवतीला तो हिशेब जसाच्या तसा लागू करणे मला न्याय्य वाटत नाही.

तिच्या दिनक्रमाकडे पाहिले म्हणजे हे अधिक पटते. वसमत-हिंगोलीची हळद देशभर जाते. ती काढण्याच्या, वेचण्याच्या आणि वाळविण्याच्या दिवसांत बाया सकाळपासून दिवस मावळेपर्यंत शेतात असतात. आडोसा नाही, म्हणून लघवी दाबून धरावयाची, आणि ती लागू नये म्हणून पाणीच प्यावयाचे नाही, ही सवय त्यांना लहानपणापासून लागलेली असते. अशी अडवून धरलेली लघवी जंतूंच्या पथ्यावर पडते. सातव्या महिन्यातली बाईही मजुरी बुडते म्हणून या कामावर येते. शेताच्या बांधावर चार पत्र्यांचा आडोसा उभारण्यास मालकाला फारसा खर्च नाही. आठवडी बाजारात आणि बसस्थानकावर स्वच्छ, पाणी असलेले स्वच्छतागृह देण्यास नगरपरिषदेला आणि एसटी महामंडळाला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.

कल्चरची सोय जिल्ह्यात नाही, ही सबबही आता पुढे करता येणार नाही. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याला २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले, आणि अशा महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग असावाच लागतो. लघवीचा नमुना दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे, अथवा थंड ठेवला तर सुमारे एक दिवस टिकतो. लशी बर्फाच्या पेटीतून गावोगाव नेण्याची शिस्त आपल्या आरोग्य खात्याने कधीच बाणवली आहे. तशीच एक निराळी पेटी नमुन्यांसाठी ठेवून ९ तारखेला कळमनुरी, सेनगाव, औंढा येथून हिंगोलीस पाठविण्याची तजवीज करणे अशक्य नाही. वसमतला नांदेड जवळ पडते, तेव्हा तेथले नमुने नांदेडच्या शासकीय महाविद्यालयाकडे जावेत. प्रत्येक गर्भवतीची ही तपासणी पहिल्या नोंदणीच्या वेळी, निदान एकदा, झाली पाहिजे.

निकाल यावयास दोन दिवस लागतात, तोवर बाई गावी गेलेली असते. म्हणून तो आशाताईंकडे पोहोचावा आणि त्यांनी तो घरी जाऊन सांगावा, व या कामाचा मोबदला त्यांना वेगळा मिळावा. कोणता जंतू कोणत्या औषधाला दाद देतो हेही त्याच कागदावर येते, आणि दुकानातून दोन गोळ्या घेऊन बरे वाटताच थांबण्याच्या आपल्या सवयीने जंतू निर्ढावत चालले असताना या माहितीचे मोल मोठे आहे. शिवाय गरोदरपणी काही प्रतिजैविके वर्ज्य असतात आणि काही शेवटच्या दिवसांत टाळावी लागतात, हे दुकानदाराच्या सल्ल्यावर सोडता येत नाही. पहिलटकरीण सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते, तालुका बदलतो, दवाखाना बदलतो. तिच्या माता व बाल संरक्षण कार्डावर प्रथिने आणि साखर यांच्या शेजारी जंतूंचाही एक रकाना छापला आणि भरला, तर तिकडच्या नर्सबाईंना तिची हकीकत पुन्हा पहिल्यापासून विचारत बसावे लागणार नाही.