पेहराव बदलण्याआधीची ओळख

कोल्हापूर : डोक्यावर देवीचा जग घेतलेला, लुगडे नेसलेला जोगता कोल्हापूरकरांना नवा नाही. त्याच्या ओंजळीत जोगवा घालणारी घरे आजही आहेत. मात्र शर्ट-पँट घातलेल्या एखाद्या तरुणाने ‘मी मनाने स्त्री आहे’ असे घरात सांगितले, तर तीच घरे त्याला वेड्यात काढतात.

वास्तविक पेहराव आणि मन यांतील फरक या जिल्ह्याला कळत नाही असे नव्हे. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांवर बेतलेला ‘जोगवा’ हा चित्रपट २००९ मध्ये आला. त्यातील तायप्पाला लुगडे नेसायला भाग पाडले जाते, तरी तो पुरुषच राहतो. हे प्रेक्षकांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. मग याच्या उलट स्थिती समजून घेणे इतके जड का जावे?

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी ‘नालसा’ खटल्यात निकाल देताना आपली लिंगओळख ठरविण्याचा अधिकार त्या त्या व्यक्तीचाच असल्याचे मान्य केले. त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे बेकायदा ठरविले. २०१९ च्या कायद्याखालील २०२० च्या नियमांनीही प्रतिज्ञापत्रावर, वैद्यकीय तपासणीविना, जिल्हाधिकाऱ्यांनी तृतीयपंथी ओळखीचे प्रमाणपत्र देण्याची व्यवस्था केली.

या निकालाची कसोटी जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथे लागली. महिलांसाठी राखीव प्रभागातून अंजली गुरू संजना जान यांनी भरलेला ग्रामपंचायतीचा अर्ज निवडणूक अधिकाऱ्यांनी फेटाळला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २ जानेवारी २०२१ रोजी तो स्वीकारण्याचा आदेश दिला आणि त्या निवडूनही आल्या. मात्र यापुढे हयातभर लाभासाठी पुरुष ओळखीकडे वळणार नाही, हे त्यांचे निवेदनही न्यायालयाने नोंदवून घेतले. इतर कोणत्या उमेदवाराला असे काही लिहून द्यावे लागते?

अर्थात अंजली स्त्री म्हणूनच वावरत होत्या. ज्यांच्या वागण्या-दिसण्यात अजून काहीच बदललेले नाही, त्यांची अडचण याहून बिकट आहे. संप्रेरकांचे उपचार आणि शस्त्रक्रिया यांना वर्षे लागतात, पैसा लागतो. काहींना त्या नकोही असतात. तोवर घरचे पुरावा मागत राहतात आणि लग्नासाठी स्थळेही पाहू लागतात. अशा वेळी विनाप्रश्न स्वीकारणारी जागा गुरूच्या डेऱ्यातच उरते. तेथे जायचे, तर शिक्षण, नोकरी आणि बहुधा घरही मागे ठेवूनच जावे लागते.