गाडी पोराची, सही बापाची



या समूहावर मी आजवर जुन्या आठवणीच लिहिल्या. ताप्ती लाइनच्या पॅसेंजरने जळगावहून सुरतेला आलो ते, उधन्यातली दहा बाय दहाची खोली, 2006 च्या पुरात शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर काढलेले दिवस. तुम्ही प्रेमाने वाचलंत, "काका, अजून लिहा" म्हणालात. आजही एक आठवण आहे, पण ती गोड नाही, आणि वाचून काही जणांना राग येईल. येऊ दे. वय चौऱ्याहत्तर झालं, आता कोणाच्या रागाने माझं प्रमोशन अडणार नाही.

गेल्या रविवारी आमच्या मंडळाची सभा होती, 19 फेब्रुवारीच्या शिवजयंतीच्या बाइक रॅलीसाठी. दरवर्षी निघते. भगवे झेंडे, फेटे, नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या मुली. परमुलखात आपली माणसं अशी एकत्र दिसली की ऊर भरून येतो, मी नाही म्हणत नाही. पण मागच्या वर्षी मी सोसायटीच्या गेटवर उभा राहून गाड्या मोजल्या. (बँकेची खोड. मोजल्याशिवाय चैन पडत नाही.) पहिल्या शंभर गाड्यांत सात जणांच्या डोक्यावर हेल्मेट होतं. ट्रिपल सीट एकवीस. मिसरूड न फुटलेली पोरं किती, ते मोजायचं मात्र मध्येच सोडलं, कारण त्यातली बरीच मला नावानिशी ठाऊक होती. त्यांच्या बारशाला मी जेवलोय.

म्हणून सभेत तीन गोष्टी मांडल्या. चालवणाऱ्याचं लायसन्स आदल्या दिवशी बघावं, हेल्मेटशिवाय गाडी रॅलीत घेऊ नये, आणि फटाक्यासारखे आवाज काढणारे सायलेन्सर नकोत. एवढंच.

पहिलं उत्तर आलं, "काका, फेट्यावर हेल्मेट बसणार कसं?" सगळे हसले. दुसरे म्हणाले, "एका दिवसाचा तर प्रश्न आहे." तिसरे एक चांगले कमावते, दोन मुलांचे बाप. ते म्हणाले, "तुम्ही बँकवाले, प्रत्येक गोष्टीत कागद बघता."

हो, बघतो. आणि एकदा नीट बघितला नाही, त्याची ही गोष्ट आहे.

आधी फेट्याचं संपवतो. मोटार वाहन कायदा 1988, कलम 129. दुचाकीवर बसणाऱ्याने हेल्मेट घालायचं, मागे बसणाऱ्यानेही. सूट आहे ती पगडी बांधलेल्या शीख बांधवांना. आपल्या फेट्याला नाही. फेटा मिरवणुकीत पायी चालताना बांधा, हॉलवर पोचल्यावर बांधा, कोण अडवतंय?

आता आठवण.

1996 साल. मी उधना बाजूच्या एका शाखेत कर्ज खात्यावर होतो. तुमच्यातल्या जुन्यांना आठवत असेल, स्कूटर ही एके काळी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची वस्तू होती. बजाजचा नंबर लागला की पेढे वाटायचे. नव्वदीनंतर सगळं बदललं. शोरूममध्ये गाड्या उभ्या राहू लागल्या आणि बँकाही कर्ज द्यायला पुढे आल्या. आम्हाला टार्गेट असायचं. मार्च जवळ आला की मॅनेजर रोज आकडा विचारायचे.

आमच्याच सोसायटीत अमळनेरकडचे एक गृहस्थ राहायचे. प्रोसेसिंग मिलमध्ये फोरमन. बँकेत मला "साहेब" म्हणायचे, घरी "भाऊ". एक दिवस शाखेत आले, शंभर सीसीच्या मोटारसायकलसाठी कर्ज हवं होतं. मी हसून विचारलं, तुम्हाला तर सायकल नीट येत नाही. तेही हसले. म्हणाले, "भाऊ, पोऱ्या मांगे लागेल शे."

पोरगा अकरावीत. सतरा पूर्ण नव्हती. मला माहीत होतं, कारण तो माझ्या मुलाबरोबर गणपतीत नाचायचा. फॉर्मवर कारण काय लिहिलं? 'कामावर जाण्यासाठी स्वतःचे वाहन.' ते मीच सुचवलं. मार्जिन मनी घेतलं, पगाराचा दाखला घेतला, जामीनदार घेतला, आरसी बुकावर बँकेचं नाव चढवलं, इन्शुरन्सची पॉलिसी फायलीला लावली. चालवणार कोण, हे विचारलं नाही. फॉर्मात तो रकानाच नव्हता. पण मला रकान्याची गरज होती का?

आठेक महिन्यांनी संध्याकाळी उधना-सचिन रस्त्यावर त्या गाडीने एका माणसाला उडवलं. गाडीवर तीन पोरं होती, कोणा दुसऱ्या गाडीशी रेस चालली होती. तो माणूस लूमवर काम करणारा, ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातला. सकाळी सात ते संध्याकाळी सातची पाळी संपवून हातात डबा घेऊन खोलीवर परत चालला होता. तिसऱ्या दिवशी गेला. घरी बायको आणि दोन मुलं. त्याचा भाऊ आला होता, त्याला ना गुजराती येत होतं ना धड हिंदी. आमच्या पोराचा पाय मोडला, तो पुढे आखूडच राहिला.

मग आमच्या सोसायटीत काय बोललं गेलं ते ऐका. "हे लोक रस्त्याच्या मधून चालतात." "अंधार होता." "पोरगा तसा साधा आहे हो." त्या मेलेल्या माणसाचं नाव आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. मलाही नाही. पुढे कोर्टाच्या कागदात वाचलं.

केस अपघात दावा न्यायाधिकरणात चालली, वर्षानुवर्षं. विमा कंपनीने पहिल्याच दिवशी म्हटलं, चालकाकडे लायसन्स नव्हतं, पॉलिसीची अट मोडली. अशा प्रकरणांत पुढे सुप्रीम कोर्टाने 2004 मध्ये स्वर्णसिंग प्रकरणात निकाल दिला. त्याचा सोपा अर्थ असा की मालकाने जाणूनबुजून बिनलायसन्सच्या हाती गाडी दिली असेल, तर कंपनीने आधी पीडिताला पैसे द्यायचे आणि मग गाडीमालकाकडून वसूल करायचे. आमच्या फोरमनसाहेबांकडूनही तसेच वसूल झाले. प्रॉव्हिडंट फंड गेला, अमळनेरकडची भावाबरोबरच्या वाट्याची जमीन गेली.

आणि या सगळ्या काळात त्यांनी आमच्या कर्जाचा एकही हप्ता चुकवला नाही. गाडी पोलीस स्टेशनच्या आवारात गंजत पडली होती, माणूस दर महिन्याच्या पाच तारखेला काउंटरवर उभा. बँकेच्या दृष्टीने खातं उत्तम होतं. कर्ज फिटलं तेव्हा आरसीवरचा बोजा उतरवायच्या फॉर्मवर सही माझीच. त्यांनी हात जोडले. मी चहा मागवला. दोघंही काही बोललो नाही.

ही गोष्ट मी घरात सोडून कुठे सांगितली नव्हती. आता सांगतोय, कारण त्या दिवशी सभेत माझ्या समोर बसलेले निम्मे बाप तेच करतायत आणि तो कागद आहे हेही त्यांना कळत नाहीये.

सुरतेत आज बघा. सकाळी सहाला ट्यूशन, दुपारी शाळा, संध्याकाळी परत ट्यूशन. दहावी-अकरावीचं पोरगं ॲक्टिवावर, मागे दोन मित्र, कानात इअरफोन. विचारलं तर आई म्हणते, "काय करणार, सोडायला कोण जाणार?" कायद्यात सोळाव्या वर्षी फक्त पन्नास सीसीपर्यंतची, बिनगिअरची गाडी चालते, तीही लायसन्स काढून. आपली लूना तसली होती. आज शोरूममध्ये तसली गाडी शोधून दाखवा. ॲक्टिवाचं इंजिन त्याच्या दुप्पट आहे. खरंच अडचण असेल तर ताशी 25 किलोमीटरच्या आतली बॅटरीवरची गाडी घ्या, तिला लायसन्स लागत नाही. पण ती नको असते. का नको, ते पोरांना विचारा. "आजोबा, ती पळत नाही."

2019 मध्ये कायद्यात कलम 199ए आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर दोषी पालक किंवा मालक. तीन वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. "मला माहीतच नव्हतं" हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. चावी देव्हाऱ्याजवळच्या खुंटीला लटकते, कसं सिद्ध करणार? दुसरं, पॉलिसीबरोबर जो 15 लाखांचा अपघात विमा येतो ना, तो मालक स्वतः चालवत असेल आणि त्याच्याकडे लायसन्स असेल तर. बापाच्या नावावरची गाडी, चालवणारा पोरगा. पोराचं काही बरंवाईट झालं तर त्यातला रुपया मिळत नाही. पॉलिसी कपाटातून काढून वाचा एकदा.

आता कोणी म्हणेल, आपल्याकडे नियम कोण पाळतं, सरकारच ढिलं. खरं आहे, सरकारनेही कमी घोळ घातला नाही. 2019 च्या सप्टेंबरात दिल्लीने दंड वाढवले, गुजरातने कमी केले. डिसेंबरात तर शहरात हेल्मेट ऐच्छिकच करून टाकलं. मीही तेव्हा आमचं हेल्मेट माळ्यावर टाकलं, खोटं कशाला बोलू. नंतर ओरड झाली, माघार घ्यावी लागली. पण सुरतेचं माणूस सुधारत नाही हे मला मान्य नाही. ज्या गावात सिग्नल ही शोभेची वस्तू होती, तिथे गेल्या दोन वर्षांत भर दुपारी रिकाम्या चौकात लोक पांढऱ्या पट्टीच्या मागे थांबायला लागले. 2025 च्या फेब्रुवारीत पोलिसांनी हेल्मेट मनावर घेतलं तेव्हा आठवड्यात सगळ्यांच्या घरात हेल्मेट आली. म्हणजे येतं आपल्याला. कॅमेरा असला की येतं.

कॅमेऱ्याचंही ऐका. मेमो येतो तो बापाच्या मोबाइलवर. बाप तो लाइटबिलासारखा भरून टाकतो. आमच्या मजल्यावरचे एक सद्गृहस्थ अभिमानाने सांगत होते की पोराने नंबरप्लेट अशी वाकवलीय की मेमोच येत नाही. मी म्हटलं, अहो, हा तुमच्या नावावरच्या गाडीचा नंबर लपवतोय, उद्या कोणाला उडवून पळाला तर पोलीस तुमच्या दारात येतील. ते म्हणाले, "तुम्ही फार निगेटिव्ह बोलता."

केंद्र सरकारचाच आकडा देतो. 2022 मध्ये देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं मेली. त्यातली शंभरातली चव्वेचाळीसहून जास्त दुचाकीवरची. हेल्मेट नव्हतं म्हणून गेलेली 50,029. पन्नास हजार! आणि आपण पुण्यात हेल्मेटसक्तीविरोधी कृती समिती काढून मोर्चे नेणारी माणसं. इथे सुरतेत मोर्चा काढत नाही, विनोद करतो.

राहिली रॅली. महाराजांचं नाव घेऊन काढतो म्हणून एक सांगतो. चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदारांना गेलेलं महाराजांचं पत्र ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचावं. रयतेच्या भाजीपाल्यालाही हात लावू नका, लागेल ते बाजारात जाऊन विकत घ्या. आणि पुढे तर दिव्याची जळती वात उंदीर घेऊन जाईल, गवताला आग लागेल आणि घोडी उपाशी मरतील, इथपर्यंतची काळजी. ज्या माणसाने उंदराने नेलेल्या वातीचा विचार केला, त्याच्या जयंतीला आपण सायलेन्सर काढून, ट्रिपल सीट, दवाखान्यासमोरून फटाके फोडत जातो. मागच्या वर्षी गुजराती शेजारी मला म्हणाले, "काका, तमारा छोकरा बहु फास्ट." मी मान खाली घातली. शिवाजी आणि सुरत म्हटलं की इथली माणसं आधीच काय बोलतात ते तुम्हाला माहीत आहे. त्यात ही भर कशाला?

माझ्या घरचं झाकून ठेवत नाही. माझा नातू सतरा वर्षांचा. दिवाळीत मुलाने स्वतःच्या नावावर दीडशे सीसीची गाडी आणली. अठरा पूर्ण व्हायला अजून सात महिने. मी चावी मागून घेतली आणि माझ्या कपाटात, पासबुकांच्या खाली ठेवली. सूनबाई आठ दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. नातू म्हणाला, "आजोबा, वर्गात सगळे चालवतात, मलाच लाज वाटते." त्याला मी पहिल्यांदाच फोरमनसाहेबांची गोष्ट सांगितली. तो ऐकत होता, मग त्याने विचारलं, "त्या उडिया माणसाच्या मुलांचं काय झालं?" मला माहीत नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्याने परत चावी मागितली. पोरगंच आहे ते. चावी कपाटातच आहे.

रॅलीसाठी मी दरवर्षी 5,001 रुपयांचा चेक देतो, पावती पहिली माझी फाटते. या वर्षीचा चेक लिहून ठेवलाय, मंडळाचं नाव घातलंय, तारीखही घातलीय. सही केलेली नाही. पुढची सभा रविवारी सकाळी दहाला, हॉलवर. ज्यांना माझ्याशी भांडायचंय त्यांनी जरूर यावं, चहा माझ्याकडून. येताना हेल्मेट घालून या.