राख पुसून भागणार नाही

मागच्या महिन्यात औष्णिक वीज केंद्राजवळच्या एका वस्तीत आमचे जाणे झाले. दोरीवरचे कपडे झटकत एक माउली म्हणाली, "भाऊ, सकाळ-संध्याकाळ राख पुसणं चालूच आहे. पोराचा खोकला कशानं पुसू?" आमच्याजवळ उत्तर नव्हते.

बंधू-भगिनींनो, आपल्याकडचा एक टन कोळसा जळाला की साधारण तीन-चार क्विंटल राख उरते. एकट्या चंद्रपूरचे केंद्र २९२० मेगावॅटचे आहे. बरीचशी राख यंत्रे धरून ठेवतात. पण डोळ्यांना न दिसणारे बारीक कण निसटले की फुफ्फुसात खोल उतरतात. दमा बळावतो, हृदयविकाराचा धोका वाढतो. धुराड्यातून निघणाऱ्या गंधकाच्या वायूपासूनही हवेत असेच कण तयार होतात. या वायूवर सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये मर्यादा घातली आणि दोन वर्षांची मुदत दिली. मुदत वाढत राहिली. जुलै २०२५ मध्ये तर बहुतेक केंद्रांना तो वायू रोखणारी यंत्रे बसवण्यापासून सूटच मिळाली.

मग आपण काय करावे? घरात कोरडा झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. राख उडते त्या वेळी लेकरांना आणि म्हाताऱ्या माणसांना आत ठेवावे. पाणी, अन्न झाकावे. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर 'राखेचाच असेल' म्हणून अंगावर काढू नये. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. क्षयाची तपासणी आणि औषध तेथे मोफत आहे.

पण घरातली काळजी पुरेशी नाही. आम्ही कारकुनी करणारी माणसे, एक गोष्ट पक्की जाणतो : तोंडी तक्रार हवेत विरते, कागद फायलीला लागतो. वस्तीत एक वही ठेवा. राख कोणत्या तारखेला, किती वाजता पडली, कोण आजारी पडले, लिहून काढा. महिनाअखेर सर्वांच्या सह्यांचा अर्ज प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात द्या आणि पोच घ्या. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली १० रुपयांत धुराड्याच्या मोजमापाच्या नोंदी मागा. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. केंद्राच्या विस्तारासाठी जनसुनावणी लागली तर घरी बसू नका, लेखी हरकत नोंदवा.

त्या माउलीला आम्ही दोनशे पानी वही दिली. पहिली नोंद तिच्या नववीतल्या मुलीने केली. तुमच्या वस्तीची वही केव्हा सुरू होणार?