दुपारचा अर्धा तास कुणाचा?

मैत्रिणींनो, खरं सांगा, तुमच्या मोबाईलमध्ये एखादा तरी गेम आहे की नाही? आहेच! फक्त कुणी विचारलं की आपण पटकन म्हणतो, ''छे गं, मुलाने टाकलाय, मी कुठे खेळते!'' बचत गटाच्या कामासाठी महाड-पोलादपूरच्या गावांत, वाड्यांवर माझं सारखं जाणं-येणं असतं. एका बैठकीत हिशेब लवकर आटोपला म्हणून मी हा प्रश्न सहज विचारला. आधी सगळ्या एकमेकींकडे बघून हसल्या. मग एकीने लुडो कबूल केला, दुसरीने कँडी क्रश, तिसरीने फुगे फोडायचा गेम. साठीच्या एक काकू तर म्हणाल्या, ''मला बाई तो जुन्या नोकियातला सापच बरा वाटायचा. नेट लागत नव्हतं, काही नाही.'' १९९७ साली नोकियाच्या फोनवर आलेला तो साप आमच्याकडच्या किती जणींनी किती वेळा भिंतीवर आपटला असेल, त्याची गणतीच नाही!

खेळतात कधी? महाडच्या स्टँडवर एसटीची वाट बघताना. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत. पावसाळ्यात लाइट गेल्यावर, टीव्ही बंद पडला की. आणि मुख्य म्हणजे दुपारी, भांडी घासून झाल्यावर आणि मुलं शाळेतून येण्याआधी जो अर्धा-पाऊण तास हाताशी राहतो, तेव्हा. पण नेमका हाच अर्धा तास घरातल्यांच्या डोळ्यांत सलतो. ''काही काम नाही वाटतं?'' हे वाक्य ऐकलं नाही अशी बाई मला दाखवा.

आता कामाचंच म्हणाल तर केंद्र सरकारने २०२४ साली देशभर पाहणी करून लोकांचा दिवस कशात जातो ते मोजलं. घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, म्हणजे पावणेपाच तासांहून जास्त. ही कामं करणारे जे पुरुष आहेत त्यांची ८८ मिनिटं! मुलांचं आणि म्हाताऱ्या माणसांचं करणं यात धरलेलंच नाही, ते वेगळं मोजलंय. एवढं करून उरलेला अर्धा तास बाईने सोंगटी पुढे सरकवण्यात घालवला, तर कुणाचं काय बिघडलं?

आणि हे काय आज आलंय? आपल्या आज्या दुपारी काय करायच्या? ओटीवर कोळशाने पट आखायच्या, अर्धे फोडलेले चिंचोके फासे म्हणून उडवायच्या, नाहीतर सागरगोटे झेलायच्या. लुडो म्हणजे तरी दुसरं काय? आपला पचिसीचाच खेळ. इंग्रजांनी तो नेला, सोपा केला आणि १८९६ साली इंग्लंडमध्ये लुडो म्हणून त्याचं पेटंट घेतलं गेलं. साप-शिडीचंही तसंच. तिचा पूर्वज मोक्षपट, आणि परंपरा तर त्याचं नातं थेट ज्ञानेश्वर माउलींशी जोडते. आपलेच खेळ जग फिरून फोनमधून परत आले आणि आता आपल्यालाच ते चोरून खेळावे लागतात.

मोबाईलवर घराघरांत पोचलेला 'लुडो किंग' आपल्या नवी मुंबईतल्या कंपनीने २०१६ साली काढला. पण त्याला खरे दिवस आले २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. आमच्या पोलादपूर तालुक्यात घरटी एक माणूस मुंबईला. गाड्या बंद, तो तिकडे अडकलेला, ही इकडे. फोनवर रोज काय बोलणार? जेवलास का, जेवलीस का, आणि पुढे गप्प. मग लुडोची खोली उघडायची, तिचा नंबर मुंबईला कळवायचा आणि रात्री नवरा-बायको, नणंद, दीर असे चौघं चार गावांतून डावाला बसायचे. नवऱ्याची सोंगटी मारली की घरात असा काही आरडाओरडा व्हायचा की शेजारी विचारायचे, काय झालं गो? जून २०२० मध्ये निसर्ग वादळ आलं, विजेचे खांब आडवे झाले, तेव्हा कुठे तो डाव थांबला. त्या दिवसांत या खेळाने किती घरांतला अबोला टाळला असेल, हे कुठल्याही पाहणीत येणार नाही.

सगळेच गेम असे साधे नसतात बरं का. लुडोचा डाव संपतो. कँडी क्रश संपतच नाही! २०१२ साली आलेला हा गेम, त्याच्या हजारो पायऱ्या आहेत आणि अजून वाढताहेत. तुम्हाला पाच 'जीव' मिळतात. हरलात की एक जातो आणि तो परत यायला अर्धा तास लागतो. पाचही गेले तर सगळे भरून यायला अडीच तास. मला विचाराल तर ही फार छान सोय आहे, गेमच सांगतो की बाई, ऊठ आता, दळण आणायचंय! पण कंपनीने ती सोय आपल्या दळणासाठी केलेली नाही. जीव संपले, आता थांबवत नाही, तर पैसे भरा आणि लगेच घ्या, असं ते गणित आहे. पैसे न भरता खेळता येतं, तेवढं पथ्य पाळलं की झालं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते सांगते. पोलादपूरकडच्या एका वाडीत आमच्या गटातली एक मुलगी आहे, तिशीतली. नवरा मुंबईला नोकरीला. ती लुडो खेळायची, साधाच. २०२५ च्या सुरुवातीला तिला खेळता खेळता एक जाहिरात दिसली, हाच खेळ खेळा आणि रोख जिंका. दहा रुपये लावले, पन्नास आले. पुन्हा लावले, पुन्हा आले. मग जायला लागले. गेलेले परत मिळवायला आणखी लावले. या धंद्याची रीतच अशी आहे की डाव कुणीही जिंको, टेबलामागे कंपनी आपला वाटा आधी काढून घेते. महिन्या-दीड महिन्यात गटाचा हप्ता, मुलाच्या क्लासची फी, असे सात हजारांच्या वर गेले. होळीला नवरा आला तेव्हा ते उघडकीस आलं. त्याने भांडण केलं आणि जाताना तिचा फोनच मुंबईला घेऊन गेला.

त्याला राग आला यात मला चूक दिसत नाही. कष्टाचे पैसे आहेत. पण फोन नेला म्हणजे काय काय नेलं ते बघा. माहेरी बोलायचं तर शेजारणीचा फोन मागायचा. गटाची बैठक कधी, शाळेने काय कळवलं, हे तिला दोन दिवसांनी कळतं. लाडक्या बहिणीची ई-केवायसी करायची वेळ आली तेव्हा ओटीपी गेला मुंबईला! तो नवऱ्याने सांगेपर्यंत वेळ टळून गेली, तिला दोन खेपा घालाव्या लागल्या. आणि त्याच घरात गौरी-गणपतीच्या जागरणाला पैसे लावून तीन पत्ती रंगते, पहाटेपर्यंत. पत्त्यांचा जोड काही कुणी जप्त करून मुंबईला नेत नाही.

हसू येतं ते वेगळंच. जुलै २०२५ मध्ये राज्याच्या तेव्हाच्या कृषिमंत्र्यांच्या हातातल्या मोबाईलवर, भर विधान परिषदेत रमीचा डाव दिसल्याची चित्रफीत गाजली. आपण खेळत नव्हतो, मध्येच आलेला गेम बंद करत होतो, असा त्यांचा खुलासा होता. तो खरा धरू या. कृषी खातं गेलं आणि मिळालं कोणतं? क्रीडा! वाडीवरच्या बाईचा खुलासा मात्र कुणी विचारलाच नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. मग तो खेळ नशिबाचा असो नाहीतर डोक्याचा. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. खेळणाऱ्याला मात्र नाही, हे नीट लक्षात ठेवा, कारण पुष्कळ जणी 'आपल्यालाच पोलीस धरतील' या भीतीने गप्प बसतात. मोठमोठ्या कंपन्यांनी पैशांचे डाव बंद केले. तरी व्हॉट्सअ‍ॅपवर कसल्या कसल्या लिंक फिरत असतातच. ओळखायची खूण सोपी आहे. नुसता वेळ घालवायचा खेळ तुमच्याकडे बँक खातं किंवा पॅन कार्ड मागत नाही. मागितलं की तिथेच बंद करा. आणि कुणी फसवून खात्यातले पैसे काढलेच, तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन लावा. जितका उशीर, तितके पैसे सापडणं कठीण.

आमच्या गटात आम्ही आता एक केलंय. बैठक संपली की ज्यांना गेम आवडतात त्या आपापले फोन काढतात आणि कुणाच्या फोनमध्ये काय आहे ते एकमेकींना दाखवतात. संशयाचं काही दिसलं तर तिथल्या तिथे काढून टाकतो. गटाचे पैसे ज्या खात्यातून फिरतात, त्या खात्याचं पैसे पाठवायचं अ‍ॅप गेमच्या फोनवर ठेवायचं नाही, असंही ठरलंय. दोघी-तिघींच्या घरी एकच फोन आहे, त्यांना हे जमत नाही. त्यावर अजून तोडगा निघालेला नाही.

त्या मुलीचे थकलेले हप्ते गटाने वाढवून दिलेत, ती महिन्याला थोडे थोडे फेडते आहे. फोन अजून मुंबईलाच आहे. शिमग्याला तिचा नवरा गावी येईल, तेव्हा आम्ही चौघी-पाच जणी त्यांच्या घरी जाणार आहोत. भांडायला नाही, चहाला. सासूबाईंना आधीच सांगून ठेवलंय. त्या म्हणाल्या, ''या गो बायांनो, मलाही त्याला दोन शब्द सांगायचेच आहेत.''