चला, इंग्रजी शिकू या : शब्दांच्या जोड्या



मराठीत थंडी ‘वाजते’, भूक ‘लागते’, शिंक ‘येते’. असे का, हे कुणी शिकवत नाही. आईच्या तोंडून ऐकून आपण ते उचलतो. इंग्रजीतही क्रियापदाची जोडी अशीच ठरलेली असते. शब्दाला शब्द ठेवला की ती मोडते.

आपण परीक्षा ‘देतो’. इंग्रजीत विद्यार्थी ‘टेक ॲन एक्झाम’ म्हणतो. चुकीला ‘डू’ नको, ‘मेक अ मिस्टेक’ म्हणा. गृहपाठाला मात्र ‘डू’च : ‘डू होमवर्क’. स्वप्नाला ‘सी’ नव्हे, ‘हॅव अ ड्रीम’.

जोडी चुकली तरी अर्थ बहुधा कळतो. म्हणून मुलाखतीत घाबरून गप्प बसू नका, बोला. वहीत मात्र सुटा शब्द न लिहिता पूर्ण जोडी लिहा. रोज पाच पुरेत.

आईवडिलांनो, इंग्रजी येत नसले तरी संध्याकाळी ‘परीक्षा देणे’ असे मराठीतून विचारा. मुलांनी इंग्रजी जोडी सांगावी.

बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ मराठीत काढले, १९२३ साली ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ इंग्रजीत प्रसिद्ध केले. दोन्ही भाषांवर आपला हक्क आहे.