बंडखोर कोण आणि दरोडेखोर कोण?

डिसेंबर 2022 च्या 8 तारखेस तेहरान येथे एका तरुणास फाशी देण्यात आली. महसा अमिनी ही तरुणी पोलिसांच्या ताब्यात असता बेशुद्ध पडून मरण पावली व त्या वर्षीच्या सप्टेंबरात इराणभर लोकक्षोभ उसळला. त्या क्षोभात या तरुणाने एक रस्ता अडविला आणि सरकारी स्वयंसेवक दलातील एका इसमास शस्त्राने जखमी केले, असा त्याजवर आरोप होता. जखमी इसम जिवंत राहिला. तथापि अटकेपासून फाशीपर्यंत तीन महिनेही लोटले नाहीत. गुन्ह्याचे नाव होते 'मुहारबा', म्हणजे ईश्वराशी मांडलेले युद्ध.

असल्या वार्ता कानी आल्या म्हणजे आमच्याकडील कित्येक शहाणे 'मुसलमानी कायदाच तसा' असे म्हणून मोकळे होतात, आणि दुसरे कित्येक त्या कायद्याविषयी बोलणेच अशिष्ट समजून गप्प बसतात. आम्हांस हे दोन्ही मार्ग आळसाचे वाटतात. वकिलीच्या धंद्याने लागलेली एक खोड अशी की, आधी कलम वाचावे, मग ते त्या आरोपीस लागू होते काय ते पाहावे, आणि राग यावयाचा तो त्यानंतर येऊ द्यावा. या प्रकरणी कलम मूळचे फार जुने आहे आणि ते एकटे नाही. त्याच्या शेजारी दुसरे एक कलम आहे. राज्यकर्त्यांनी पहिले हाती घेतले आणि दुसरे गुंडाळून ठेवले, यातच या विषयाचे सारे मर्म आहे.

कुराणाच्या पाचव्या अध्यायात, ईश्वराशी व त्याच्या प्रेषिताशी युद्ध करून पृथ्वीवर उत्पात माजविणाऱ्यांस वध, सूळ, हातपाय तोडणे किंवा हद्दपारी अशा शिक्षा सांगितल्या आहेत. मात्र पकडले जाण्यापूर्वी जो पश्चात्ताप पावेल तो त्यातून वगळला आहे. धर्मशास्त्रज्ञांनी या वचनाचा मुख्य विषय वाटमारी हा मानला. असा गुन्हेगार तो मुहारिब. परंतु एकोणपन्नासाव्या अध्यायात निराळाच प्रसंग आहे. श्रद्धावंतांचे दोन पक्ष आपसांत लढू लागले तर त्यांत समेट करावा. एकाने अतिक्रमण केले तर तो ताळ्यावर येईपर्यंत त्याच्याशी लढावे. आणि तो आला म्हणजे पुन्हा न्यायाने समेट करावा. हा अतिक्रमण करणारा पक्ष तो बागी. येथे शिक्षेचे नावदेखील नाही.

या दुसऱ्या वचनावर जो कायदा उभा राहिला तो एका यादवीतून जन्मला. इ. स. 656 मध्ये खलिफा अली यांस खुद्द प्रेषितांची पत्नी आयेशा व प्रेषितांचे जुने सोबती यांच्याशी बसऱ्याजवळ लढावे लागले. लढाई जिंकल्यावर पळणाऱ्यांचा पाठलाग करू नये, जखमींस मारू नये, मालमत्तेची लूट करू नये, असे त्यांनी ठरविले आणि आयेशेस सन्मानाने मदिनेस पोहोचविले. पुढे खारिजी पंथाचे लोक फुटून निघाले तेव्हा त्यांच्याशी वाद करण्यास प्रथम इब्न अब्बास यांस पाठविले, आणि त्यांनी रक्तपात करीपर्यंत त्यांस मशिदीची बंदी केली नाही. त्याच पंथाच्या एका माणसाने 661 मध्ये अलींचा खून केला. तरीही त्यांचे वर्तन हाच पुढे नियम ठरला.

तो नियम आम्ही प्रथम वाचला तेव्हा चकित झालो. ज्यांच्यामागे संख्याबळ आहे आणि ज्यांना आपल्या उठावाचे काही शास्त्रीय कारण, मग ते चुकीचे का असेना, सांगता येते, ते गुन्हेगार नव्हेत. राजाने प्रथम त्यांची तक्रार विचारावी. लढाईच्या भरात त्यांच्या हातून झालेल्या हानीची भरपाई त्यांजकडून मागू नये, असे बहुतेक शास्त्रज्ञांचे मत. त्यांनी आपल्या ताब्यातील मुलुखात वसूल केलेला कर रयतेने भरला असेच धरावे. तो दुसऱ्यांदा घेऊ नये. कैद्यांस ठार मारू नये. यावर हनफी व शिया पंथांत, बंडखोरांची फौज मागे शिल्लक असेल तर काय, असा मतभेद आहे खरा. अकराव्या शतकातील मावर्दी यांच्या राज्यशास्त्राच्या ग्रंथात बंडखोर आणि वाटमारे यांची प्रकरणे वेगवेगळी आहेत, ती उगीच नव्हेत.

इंग्रजांनी आम्हांस दिलेल्या दंडसंहितेत असा भेद शोधू जाल तर सापडणार नाही. वासुदेव बळवंत फडके यांस 1879 मध्ये जन्मठेप देऊन एडनला पाठविणाऱ्या सरकारने त्यांच्या चळवळीस दरोडेखोरीच म्हटले. 1 जुलै 2024 पासून चालू झालेल्या आमच्या स्वतःच्या न्यायसंहितेतही शासनाविरुद्ध युद्ध करणे या कलमाखाली देहदंड किंवा जन्मठेप आहे, आणि बंडखोराचे म्हणणे काय याची चौकशी त्यात नाही. तेव्हा मुसलमानी कायद्यास नावे ठेवताना जरा जपून.

मग व्यंग कोठे आहे? ते हे की, समोरचा मनुष्य बागी की मुहारिब हे ठरविणारा काझी ज्याचे अन्न खातो, त्याच्याच विरुद्ध ते बंड असते. याचे एक उदाहरण आमच्या साताऱ्याचेच आहे. 1700 साली औरंगजेबाने त्या किल्ल्यास वेढा दिला असता, रमजान महिन्यात, किल्ल्यातून मोर्चांवर चालून आलेल्या शिबंदीपैकी नऊ हिंदू व चार मुसलमान पकडले गेले. आमच्या दृष्टीने ते एका अभिषिक्त राज्याचे युद्धकैदी; बादशहाच्या दृष्टीने बंडखोर. काझी महंमद अक्रम यांनी निर्णय दिला की, हिंदूंनी इस्लाम स्वीकारल्यास त्यांस सोडावे आणि मुसलमानांस तीन वर्षे कैदेत ठेवावे. पहिली अट आम्हांस रुचणारी नाही हे सांगणे नको. पण शिरच्छेदापेक्षा ती पुष्कळच सौम्य. बादशहाने त्यावर शेरा मारला की, हा निर्णय हनफी मताचा झाला. राज्यावरील ताबा सुटू नये अशा रीतीने दुसऱ्या एखाद्या मार्गाने निकाल करा, मते चार आहेत. काझीसाहेबांनी लागलीच बादशहाच्याच आज्ञेने रचलेल्या 'फतावा-इ-आलमगिरी'तून दहशतीसाठी वधाची आज्ञा काढून दिली, आणि रोजा सोडण्यापूर्वी तेराही शिरे उडाली. ही हकीकत हमीदुद्दीनखानाच्या नावावर चालणाऱ्या, यदुनाथ सरकारांनी भाषांतरिलेल्या संग्रहात आहे. त्या संग्रहातील शब्दन् शब्द प्रमाण मानावा असे आम्ही म्हणत नाही. परंतु कायदा कसा वाकतो याचे इतके स्वच्छ चित्र इतरत्र क्वचितच मिळेल.

इराणात हेच 1988 साली भयंकर प्रमाणावर घडले. इराकशी चाललेले आठ वर्षांचे युद्ध त्या जुलैत थांबण्याच्या बेतात असता, मुजाहिदीन-इ-खल्क या संघटनेची फौज इराकच्या भूमीवरून इराणात घुसली व पिटाळली गेली. यानंतर खोमेनी यांनी आज्ञापत्र काढले की, तुरुंगात असलेले या संघटनेचे जे अनुयायी आपल्या मतास चिकटून राहतील ते मुहारिब असून देहदंडास पात्र आहेत. हे कैदी कित्येक वर्षे गजांआड होते. न्यायालयांनी त्यांस देहदंडाहून कमी शिक्षा देऊन ठेवल्या होत्या. सरहद्दीवरील स्वारीत त्यांनी शस्त्र उचलले असणे शक्यच नव्हते, आणि शस्त्र उचलल्यावाचून मुहारबा होत नाही. एक न्यायाधीश, एक सरकारी वकील व गुप्तहेर खात्याचा एक प्रतिनिधी अशा मंडळांनी थोडक्या प्रश्नोत्तरांवर माणसे निवडली, आणि हजारो जीव गेले.

याविरुद्ध आवाज उठविला तो युरोपीय विद्या शिकलेल्या कोणा सुधारकाने नव्हे, तर खोमेनींचे नियोजित उत्तराधिकारी, थोर धर्मशास्त्री आयतुल्ला हुसेनअली मुंतझरी यांनी. पूर्वी कमी शिक्षा झालेल्या माणसास नवे कृत्य घडल्यावाचून ठार मारणे म्हणजे न्यायाच्या सर्व मर्यादा व न्यायाधीशांचे निर्णय पायाखाली घालणे होय, असे त्यांनी खोमेनींस लेखी कळविले. मार्च 1989 मध्ये त्यांचा उत्तराधिकार गेला.

2013 च्या इराणी दंडसंहितेत बागी हा गुन्हा मुहारब्यापासून वेगळा काढला आहे. जुना भेद पुन्हा मान्य झाला असे वरवर दिसते. पण त्या नव्या कलमात शस्त्र वापरणाऱ्या बागीसही देहदंडच लिहिला आहे. तक्रार विचारण्याचे, समेटाचे, पळणाऱ्यास सोडण्याचे जे जे अलींनी घालून दिले होते, ते गळाले आणि नाव तेवढे राहिले. 2022 चा तो तरुण तर त्या नावासही पोहोचला नाही. रस्ता अडविणारा एकटा पोर एकदम वाटमाऱ्यांच्या कलमात जाऊन पडला.

मुंतझरी 2009 मध्ये वारले. ऑगस्ट 1988 मध्ये तेहरानच्या मृत्यूमंडळास समोर बसवून त्यांनी केलेल्या कानउघाडणीची ध्वनिफीत त्यांच्या पुत्राने 2016 साली प्रसिद्ध केली. त्याबद्दल धर्मगुरूंच्या खास न्यायालयाने पुत्रास तुरुंगवासाची शिक्षा फर्माविली. त्या मंडळात बसलेले इब्राहिम रईसी 2021 मध्ये देशाचे अध्यक्ष झाले, आणि 2022 च्या त्या डिसेंबरातही त्या पदावर तेच होते.