परदेशातलं घर हवंय? मग आधी आपली किल्ली द्या

मे महिन्यात युरोपला जायचं म्हटलं की घरात आधी तिकिटाची चर्चा होते, मग हॉटेलची. तिकीट कसंबसं जमतं, पण हॉटेलपाशी गाडी अडते. चार माणसं, पंधरा दिवस, दोन खोल्या... कॅल्क्युलेटरवरचा आकडा बघून बाबा थेट महाबळेश्वरचा विषय काढतात. अशा वेळी आपल्यातलंच कुणीतरी 'होम एक्स्चेंज'चं नाव घेतं. तुम्ही आमच्या घरी राहा, आम्ही तुमच्या घरी राहतो, भाडं कुणीच कुणाला द्यायचं नाही. ऐकायला भारीच वाटतं. फुकटात पॅरिस!

पण हे खरंच फुकट असतं का?

ही कल्पना काही आजची नाही. १९५३ मध्ये युरोपातल्या काही शिक्षकांनी 'इंटरव्हॅक' नावाचं जाळं सुरू केलं. शिक्षकांना सुट्ट्या भरपूर आणि पगार बेताचा, म्हणून त्यांनी एकमेकांची घरं वापरायला सुरुवात केली. १९९२ मध्ये अमेरिकेत एड कुशिन्स यांनी 'होमएक्स्चेंज' सुरू केलं. २००६ च्या 'द हॉलिडे' सिनेमात केट विन्स्लेट आणि कॅमेरॉन डियाझ नाताळच्या सुट्टीत घरांची अदलाबदल करतात, तो प्रकार हाच. आता तर दोन्ही कुटुंबांनी एकाच वेळी घर बदलायचीही गरज उरलेली नाही. आपल्या घरी पाहुणे ठेवले की पॉइंट्स मिळतात आणि ते तिसऱ्याच देशातल्या घरासाठी वापरता येतात.

म्हणजे पैसे लागत नाहीत, पण तयारी भरपूर लागते. हॉटेलचं बुकिंग नसल्यामुळे शेंगेन व्हिसासाठी राहण्याचा पुरावा म्हणून यजमानाचं पत्र लागतं. फ्रान्समध्ये कुणाच्या घरी उतरायचं असेल तर यजमानाला असं पत्र आपल्या नगरपालिकेतून करून घ्यावं लागतं. वर किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा. यजमानासाठी भेट काय न्यायची, इथेही नियम आहेतच. युरोपियन युनियनमध्ये प्रवाशांना सामानातून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे बाद. हापूसला रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. नारळाला मात्र ते लागत नाही! तेव्हा कोकणातला नारळ चालेल, हापूसची पेटी घरीच ठेवा.

खरी परीक्षा दार उघडल्यावर सुरू होते. टेबलावर एक फाइल असते: वायफायचा पासवर्ड, हीटर कसा लावायचा, कचरा कोणत्या वारी, शेजारच्या आजींचा फोन नंबर. ती न वाचताच आपण चहा ठेवायला जातो आणि तिथेच अडतो. शेगडी इंडक्शनची असली तर आपली ॲल्युमिनियमची कढई तिच्यावर तापतच नाही. भांडं सापडलं आणि मोहरी तडतडली, की डोक्यावरचा स्मोक अलार्म बोंबलायला लागतो. बाथरूममध्ये बादली-मग नसतात, आणि बऱ्याच घरांत जमिनीला पाणी जायला जाळीही नसते. आपल्यासारखी खसाखसा आंघोळ केली तर पाणी थेट खालच्या मजल्यावर. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची, त्यामुळे इथून नेलेला मिक्सर तिथे नीट फिरणार नाही.

जर्मनीत गेलात तर कचऱ्याचा वेगळाच अभ्यास. कागद वेगळा, प्लॅस्टिक वेगळं, काचेच्या बाटल्या रंगाप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांत. त्या बाटल्या रविवारी टाकायच्या नाहीत, कारण आवाज होतो. पाण्याची रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की २५ सेंट परत मिळतात. रात्री दहानंतर शांतता. आपल्याला हे सगळं जाचक वाटू शकतं. पण ते घर कुणाचं तरी आहे आणि आपण निघाल्यावर ते लोक तिथेच राहणार आहेत. शेजाऱ्यांच्या तक्रारी त्यांना ऐकाव्या लागणार, आपल्याला नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्यायला हवी. ती फाइल कुणीतरी बसून, डोकं लावून, कधीही न भेटलेल्या माणसासाठी लिहिलेली असते. कपाटातले दोन कप्पे रिकामे केलेले असतात, स्वच्छ चादरी घातलेल्या असतात. आपल्या आई-वडिलांचे फोटो भिंतीवर तसेच ठेवून ते कुटुंब किल्ली ठेवून निघून गेलेलं असतं. होम एक्स्चेंज चालतं ते या विश्वासावर. आणि तो दोन्ही बाजूंनी लागतो.

आता बाजू बदलून बघूया. तेच फ्रेंच किंवा जर्मन कुटुंब आपल्या मुलुंडच्या वन बीएचकेमध्ये येतंय. आपली फाइल कशी असेल? पाणी सकाळी किती ते किती येतं, गिझरचं बटण बाथरूमच्या बाहेर आहे, ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवा, प्यायचं पाणी फक्त प्युरिफायरचं, बोरिवली फास्टमध्ये अंधेरीला उतरायचं असेल तर दाराकडे आधीच सरका. इथपर्यंत मजा आहे. पण फाइलच्या शेवटी एक ओळ लिहावी लागेल: 'सोसायटीत कुणी विचारलं तर आमचे नातेवाईक आहात असं सांगा.'

ही ओळ आपल्या ओळखीची आहे ना? अंधेरीत भाड्याने राहणाऱ्या कोणत्याही मित्राला विचारा. बॅचलर चालणार नाही. मुलगी एकटी असेल तर रात्री दहाच्या आत. नॉनव्हेज खाता का? आडनाव काय? सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडच्या एका सोसायटीत मराठी असल्यामुळे ऑफिससाठी जागा नाकारल्याचा आरोप करणारा एका महिलेचा व्हिडिओ राज्यभर गाजला, प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. आपल्याला नाकारलं तेव्हा आपण चिडलो, ते बरोबरच होतं. पण आपल्याच सोसायटीत बिहारमधून आलेल्या, लातूरहून आलेल्या किंवा मुस्लिम विद्यार्थ्याला घर नाकारलं जातं, तेव्हा आपल्या घरातले किती जण मीटिंगमध्ये बोलतात?

यावर उत्तर तयार असतं: 'सिक्युरिटीचं काय?' प्रश्न योग्यच आहे. अनोळखी माणूस लिफ्टमध्ये दिसला की आजी-आजोबांना भीती वाटणारच. पण त्यासाठी मार्ग आहेत. परदेशी पाहुणा घरी उतरला तर यजमानाने २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरायची असते. पाहुणा कोण, किती दिवस राहणार, हे कमिटीला आधी लेखी कळवता येतं. वॉचमनकडच्या रजिस्टरमध्ये नोंद करता येते. एवढं केल्यावर भीतीला उत्तर मिळतं. त्यानंतरही कुणी आडनाव किंवा जेवण विचारत असेल, तर तो प्रश्न सिक्युरिटीचा राहिलेला नाही.

आपल्याला हे सगळं नवीन आहे असंही नाही. गावाला जाताना शेजारच्या काकूंकडे किल्ली ठेवायची, पाहुणे आले की त्यांच्या घरी दोन गाद्या टाकायच्या, मामा-मावशीकडे महिना काढायचा, यावर आपल्या आई-बाबांची पिढी वाढली. फक्त ही किल्ली ओळखीच्या, नात्यातल्या माणसांपुरती राहिली. आपल्या पिढीने ती थोडी पुढे न्यायची आहे.

सुरुवात पॅरिसपासून कशाला करायची? कोल्हापूरच्या किंवा नागपूरच्या क्लासमेटच्या घराशी आठवडाभराची अदलाबदल करून बघा. पाहुण्यासाठी आपल्या घराची फाइल लिहून काढा. लिहिताना कळेल की घरात किती गोष्टी आपल्यालाही माहीत नाहीत. कमिटीला पत्र द्या आणि त्यात पाहुण्याचं खरं नाव लिहा. परवानगी नाकारली तर कारण लेखी मागा. बाबांना सांगा, पुढच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगनंतर हाही विषय घ्या.

आणि त्या फाइलमधली शेवटची ओळ तेवढी खोडून टाका.